मुळ्याचा पाला टाकू नका हो

संपादक साहेब,

मंडईत नेहमी बघते, भाजीवाला विचारतो 'पाला काढू का ताई' आणि बहुतेक जणी सरळ हो म्हणतात, फ्लॉवरची हिरवी पानं तर गाईपुढेच जातात. जीव तुटतो बघून! अहो मुळ्यापेक्षा त्याच्या पाल्यात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं. पालकात कॅल्शियम भरपूर आहे पण त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला जेमतेम ५ टक्के मिळतं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. फ्लॉवर, मुळा या कुळातल्या पाल्यात ऑक्झलेट कमी, म्हणून ते जास्त अंगी लागतं.

कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात, तोच पाला आता मोरिंगा पावडर म्हणून डब्यात महाग विकतायत.

मुळ्याचा कोवळा पाला बारीक चिरून लसूण, मिरची, भिजवलेली मूगडाळ घालून परता आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा, त्याने पाल्यातलं लोह नीट शोषलं जातं. फक्त रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

– एक वाचक, डोंबिवली