वस्तादची लग्गी

प्रिय पक्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू मधातच हसला असता आणि मुद्दा राहून गेला असता, म्हणून लिहून राहिलो. आधी एक काम कर. त्या मुंबईच्या बँडचं नवीन गाणं, तुझी पोरगी ज्याच्यावर रील बनवत असेल तेच, हेडफोन लावून ऐक. पहिल्या कडव्यानंतर गिटार थांबते आणि ढोलक येतो. दोनदा ऐक, मग पुढे वाच.

ऐकलं? आपला ढोलकवाला वस्ताद आहे बे तो! आपली त्र्याण्णवची कॅसेट, भीमगीतांची, बी साईडचं दुसरं गाणं. केरवा तालातला तोच जलद तुकडा, तीच लग्गी, डाव्या पुडीवरून मनगट सरकवून काढलेला तोच घुमारा, आणि शेवटी त्याचं "हौ!". त्या "हौ"साठी कॅसेटच्या मालकानं परत टेक मागितला होता आणि वस्तादनं दुसऱ्या टेकचे वेगळे पैसे सांगितल्याबरोबर मालकाला पहिलाच टेक आवडला होता, आठवते ना? त्या बँडवाल्यांनी "हौ"सकट उचललं आणि गाणंभर फिरवलं. आता बर्डीवर कॉलेजची पोरं एकमेकांना "हौ" करून राहिली, जसं काही नागपुरात हे आधी कोणी म्हणतच नव्हतं.

आता तू म्हणशील की बघ, मीच म्हटलं होतं तिथं ढोलक ठेव. म्हटलं होतं, मान्य. माझा कॅसिओचा पीस तू कापायला लावला आणि आपण महिनाभर बोललो नाही. पण माझं आजही मत तेच आहे, तो पीस तिथं भारी बसला असता आणि मग उचलला असता तर मला उचललं असतं. असो.

खरी भानगड पुढं आहे. वस्तादच्या बारक्यानं (आता दोन पोरांचा बाप आहे, पण बारक्याच) गाणं ऐकलं आणि डोकं फिरलं त्याचं. माझ्याकडून इंग्रजीत मेल लिहवून घेतला. चार दिवसांनी मॅनेजरचं उत्तर आलं, एकदम गोड, "सर" वगैरे, की आम्ही रीतसर लायसन्स घेतलं आहे, लेबलला पैसे दिले आहेत, आणि वस्तादजींच्या कलेबद्दल आम्हाला अपार आदर आहे. लेबल म्हणजे कोण? आपल्या कॅसेटवाल्याचं दुकान बंद झालं, त्याच्या पुतण्यानं सगळा माल मुंबईच्या कोणाला तरी एकगठ्ठा विकला, त्यात आपणही गेलो. म्हणजे चोरीही नाही झाली यार. चोरी असती तर भांडायला मजा आली असती.

तेव्हापासून रात्री कूलरसमोर बसून हेच वाचून राहिलो, बायको म्हणते वकिलीची परीक्षा आहे का. पण तुला सांगतो, वस्तादचीच गोष्ट अमेरिकेत होऊन गेली आहे. जेम्स न्यूटन म्हणून जॅझचा बासरीवाला, बासरी फुंकता फुंकता गळ्यातून गायचा, एका श्वासात दोन आवाज. बीस्टी बॉईज नावाच्या रॅपवाल्यांनी १९९२ च्या गाण्यात त्याचे सहा सेकंद घेतले, रेकॉर्ड कंपनीला हजार डॉलर देऊन. न्यूटनला कोणी विचारलंच नाही. तो कोर्टात गेला, आणि २००३ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की रेकॉर्डिंगचं लायसन्स तर यांच्याकडे आहे, राहिली तुझी रचना, तर ती कागदावर तीन सुरांची, एवढ्याशा वापराची दखल घेता येत नाही. अरे, त्या माणसाची सगळी कारागिरी त्या फुंकण्यात होती, ती कागदावर कुठून येणार? आता वस्तादच्या लग्गीचं नोटेशन मला लिहून दाखव. धा गे ना ति लिहिशील, घुमारा कसा लिहिशील?

आणि लोक म्हणतात, अरे प्रसिद्धी तर मिळते. कोणाला मिळते? विन्स्टन्स नावाच्या बँडचा ड्रमर ग्रेगरी कोलमन घे. १९६९ मध्ये त्यानं सहाएक सेकंद ड्रम वाजवला आणि त्या तुकड्यावर पुढे हजारो गाणी उभी राहिली, तुझ्या त्या आवडत्या धडधड म्युझिकचा अख्खा मजलाच त्याच्यावर आहे. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला, एक पैसा नाही मिळाला. एडी जॉन्स नावाच्या गायकाचं तर त्याहून अजब. डॅफ्ट पंकच्या २००० सालच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात त्याचं १९७९ चं गाणं आहे. बँड पैसे भरत होता, पैसे हक्कवाल्या फ्रेंच कंपनीकडे जाऊन राहिले होते, आणि हा लॉस एंजेलिसमध्ये वर्षानुवर्षं बिनघराचा. २०२१ मध्ये एका पेपरवाल्यानं शोधून काढला.

उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर म्हणशील मी रडतोच. रेडिओहेडनं (तू टी-शर्ट घालून फिरायचा, गाणं एक माहीत नव्हतं) पॉल लॅन्स्की नावाच्या प्रोफेसरचे चार कॉर्ड घेतले. त्यानं १९७३ मध्ये प्रिन्स्टनला आयबीएमच्या खोलीभर कॉम्प्युटरवर बनवलेली अठरा मिनिटांची रचना, बँडच्या गिटारवाल्याला सेकंडहँड रेकॉर्डमध्ये सापडली. त्यानं स्वतः प्रोफेसरला पत्र लिहिलं, श्रेयात नाव टाकलं, प्रोफेसर खूश. पण पक्या, तो प्रोफेसर होता! महिन्याला पगार येत होता. त्याच्यासाठी ती एक गंमत झाली. बप्पी लाहिरीचंही तसंच. २००२ मध्ये त्यानं चाल लावलेलं लताबाईंचं गाणं अमेरिकेत न विचारता घेतलं तेव्हा कोर्टानं त्याचं नाव टाकल्याशिवाय सीडी विकू नका म्हणून सांगितलं, कारण तो बप्पी लाहिरी होता. त्या गाण्यात ढोलक-तबला कोणी वाजवला ते मी शोधून थकलो.

म्हणून माझं मत असं झालं आहे की सॅम्पल झाल्यानं, म्हणजे असा तुकडा उचलून दुसऱ्याच्या गाण्यात गेल्यानं, ज्याचं आधीच बरं चाललं आहे त्याचं आणखी बरं होते. बाकीच्यांचं, बँडमधल्या एखाद्याला वाटलं आणि त्यानं शोधत येऊन दार वाजवलं तर. कायद्यात आपल्याकडे वाजवणाऱ्याचा हक्क आला १९९४ च्या दुरुस्तीत, रॉयल्टीचं कलम २०१२ मध्ये. आपली कॅसेट त्र्याण्णवची. अजून थोडं थांबलो असतो तर! पण दसऱ्याला दीक्षाभूमीवर स्टॉल लागायच्या आधी माल पाहिजे होता मालकाला, आणि तुलाही घाई होती, कारण तुला माहीत आहे.

आता वस्तादचं ऐक. मी इंदोऱ्याला गेलो तेव्हा तो खाटेवर बसून ढोलकाच्या कड्या ओढत होता, एकेक कडी सरकवून मधून टिचकी मारून पाहत, घाई नाही. मी सगळं समजावून सांगितलं, कंपनी, लायसन्स, कोर्ट. तो म्हणे, "मले एकच सांग, त्यायनं सूर काऊन चढवला? माह्या ढोलक इतका टणक नव्हता." खरंच बे, त्यांनी स्पीड वाढवली आहे, मला कळलं नव्हतं. मग म्हणे, "मले दीडशे भेटले होते, सावजीचं जेवण वेगळं. हिशोब झाला." बारक्या आतून ओरडला की तुमचा झाला, आमचा नाही झाला. मग दोघांची जी जुंपली, मी चहा न घेता निघालो.

बारक्याला नोटीस पाठवायची आहे. वकील आधी पैसे मागतो. नोटीस गेली तर बँडवाले लायसन्स दाखवतील आणि दार बंद. नाही पाठवली तर ते "आदर" करत बसतील. आणि हेही खरं की गाणं आल्यापासून मोहल्ल्यातली दोन पोरं लग्गी शिकायला यायला लागली वस्तादकडे, फुकट अर्थातच, तो घेणारच नाही. वहिनी म्हणते तीस वर्षांत त्याला इतका खूश पाहिला नाही. मग मी कोण त्याला सांगणारा की तुझं नुकसान झालं आहे? पण झालं आहेच ना.

मला वाटते नोटीस नको, तिघांच्या सहीचं साधं पत्र टाकावं थेट त्या गिटारवाल्या पोराला, मॅनेजरला नाही. नाव गाण्याखाली टाका, लेबलला दिलं त्यातलं काही वाजवणाऱ्यालाही द्या, आणि नागपुरात शो कराल तेव्हा वस्तादला स्टेजवर बसवून तेवढा तुकडा त्याच्या हातून वाजवून घ्या, मानधन देऊन. शेवटचं त्यांना परवडेल आणि वस्तादला पटेल. बारक्याला पटणार नाही, त्याच्याशी तू बोल, माझं तो ऐकत नाही, तुझं का ऐकतो देव जाणे.

तर काम हे: तुझ्या त्या पत्र्याच्या पेटीत कॅसेटचं कव्हर आहे. माझ्याकडचं पुरात गेलं. त्याच्यावर वादकांची नावं छापली होती, वस्तादचं नाव चुकीचं छापलं म्हणून तो चिडला होता, म्हणजे छापलं तर होतं! तोच एक कागद आहे आपल्याकडे. दोन्ही बाजूंचा नीट उजेडात फोटो काढून पाठव, तुझ्या नेहमीसारखा अंगठा मधात नको.

बाकी ठीक. आईची शुगर आहे तशी, माझा गुडघा आहे तसा. तुझ्या नोकरीचं कळलं, होईल काहीतरी, हिंजवडीत कंपन्या काय कमी आहेत. पोरीची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार, संत्रा बर्फी कोणासोबत तरी पाठवतो.

पेटी आजच उघड. रविवारपर्यंत कव्हर आलं नाही तर बारक्याला तुझा नवीन नंबर देतो.

तुझाच,
कॅसिओवाला