मातोश्रीच्या मागच्या गल्लीतून

प्रिय आई-बाबा,

परवा ऑफिसात जेवताना कोणीतरी विचारलं की तू मुंबईत कुठची, आणि मी सवयीने बोलून गेले, बांद्रा ईस्ट, मातोश्रीजवळ. झालं, त्यानंतर कोणाचं जेवणात लक्षच नाही, बाळासाहेब दिसायचे का, राजला बघितलंयस का, उद्धव लहानपणी कसे होते (अरे, मी लहान होते तेव्हा ते मोठेच होते!). आणि मला सांगण्यासारखं काही आठवेचना. आठवलं ते सगळं भलतंच, म्हणून हे पत्र.

पत्ता सांगायच्या आपल्या तिघांच्या तीन तऱ्हा होत्या, लक्षात आहे ना? बाबा म्हणायचे "कलानगरच्या बाजूला, गव्हर्मेंट कॉलनी". आई, तू म्हणायचीस "साहित्य सहवास माहितीये ना, तिथून जवळ", म्हणजे समोरच्याने तिथे वाढलेल्या सचिन तेंडुलकरचं नाव काढावं आणि तू मान डोलवावी. आणि मी म्हणायचे मातोश्री. रिक्षावाल्याला फक्त माझाच पत्ता कळायचा.

पण तोच रिक्षावाला २३ जानेवारीला, बाळासाहेबांच्या वाढदिवसाला, किंवा गुरुपौर्णिमेला सिग्नलच्या अलीकडेच सोडायचा, "पुढे नाही जाणार, साहेबांकडे गर्दी आहे". मग आपली वरात पिशव्या घेऊन चालत, कोकणातनं, मराठवाड्यातनं आलेल्या झेंडेवाल्या गाड्यांमधून वाट काढत. कडेला बायका डबे सोडून बसलेल्या, भाकरी आणि ठेचा, आणि तुझं आपलं, यांना पाणी कुठे मिळणार गं. बाबा मात्र खाली मान घालून झपझप पुढे. घरी आल्यावर खिडकी लावून हळू आवाजात, "आपण सरकारी नोकर. राजकारणावर बोलायचं नाही." बाबा, कॉलनीत सगळेच सरकारी नोकर होते हो, ऐकून चुगली करणार कोण!

९५ साली युतीचं सरकार आलं आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले तेव्हा मात्र तुम्ही स्वतःच नियम मोडलात. बाळासाहेब म्हणाले होते रिमोट कंट्रोल माझ्या हातात, त्यावर तुमचं, की मी रोज चर्चगेट लोकलने लोंबकळत मंत्रालयात जातो आणि सरकारचा रिमोट माझ्या घराच्या मागे. हा जोक तुम्ही पाच वर्षं पुरवलात.

मायकल जॅक्सन आला ते ९६. कॉलनीतली सगळी पोरं हायवेच्या कडेला, आम्ही पण, आणि दिसलं काय तर गाड्यांची टपं. नंतर चर्चा सगळी त्याने मातोश्रीवरचं बाथरूम वापरलं याचीच. मी शाळेत मात्र ठोकून दिलं होतं की त्याने आम्हाला हात केला. २००० च्या जुलैत बाळासाहेबांना अटक झाली त्या दिवशी शाळा लवकर सुटली, दुकानांची शटरं धडाधड खाली, आणि कोर्टाने त्याच दिवशी सोडल्यावर संध्याकाळी फटाके. २०१२ ला ते गेले तेव्हा आपण क्वार्टर सोडलेलं होतं, टीव्हीवर अंत्ययात्रा बघताना तू फोनवर रडत होतीस आणि मध्येच म्हणालीस, अगं आपला सिग्नल दाखवतायत.

हे सगळं ऑफिसात सांगून झालं, लोक हसले. एक नाही सांगितलं.

आपल्याकडे पाववाला यायचा ना, बेहरामपाड्यातनं, स्टेशनजवळच्या त्या मुसलमान वस्तीतनं, सायकलला मागे निळं प्लास्टिक बांधलेली पेटी, मला कडेचा कडक पाव वेगळा काढून द्यायचा. ९३ च्या जानेवारीत दंगल झाली, मला गॅलरीत जायची बंदी, स्टेशनच्या बाजूला धूर, आणि तू पोळ्यांवर पोळ्या लाटत होतीस. मी विचारलं पाव का नाही, तर बाबा म्हणाले बेकरी बंद आहे. पुढे बेकरी उघडली, पाव पण आला, पण आणणारा दुसराच होता. कॉलेजात असताना त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल वाचला, त्यात शिवसेनेवर आणि बाळासाहेबांवर ठपका ठेवलाय, तेव्हाच्या युती सरकारने तो फेटाळला वगैरे. तेव्हा सुट्टीत घरी येऊन मी तुमच्याशी भांडले, मोठमोठं बोलले, पण पाववाल्याचं विचारायचं राहूनच गेलं. आई, तुला ते बाळासाहेबही आवडायचे आणि तो पाववालाही, हे मला तेव्हा झेपायचं नाही. अजूनही पूर्ण झेपत नाही, खरं सांगते.

आता आपली बिल्डिंग नाही, त्या जागेवर हायकोर्ट येतंय, शेजारीपाजारी पांगले. म्हणजे विचारायचं तर तुम्हालाच. त्याचं नाव काय होतं? तो कुठे गेला हे कोणी विचारलं होतं का, तुम्ही तरी? बाबा, आता तुम्ही रिटायर्ड आहात, खिडकी उघडी ठेवून सांगितलंत तरी चालेल. फोनवर नको, फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मग बीपीच्या गोळ्यांवर विषय जातो. लिहून पाठवा, नाहीतर व्हॉइस मेसेज करा, वेगवेगळे.

तुमची,
धाकटी