शोना शिल्पे घडवणारे हात

हरारे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

झिम्बाब्वेची कला म्हणजे शोना या येथील बहुसंख्य लोकांची कला, असे तू मागच्या पत्रात गृहीतच धरले होतेस. येथील दगडी शिल्पे जगभर ‘शोना शिल्प’ म्हणूनच विकली जातात, तेव्हा तुझा समज स्वाभाविक आहे. पण गुरुवे गावाजवळच्या टेंगेनेंगे या शिल्पकारांच्या वसाहतीची हकिकत थोडी निराळी आहे. १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या (हे झिम्बाब्वेचे तेव्हाचे नाव) गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, आर्थिक निर्बंध आले आणि तंबाखूचा व्यापार अडचणीत सापडला. तेव्हा टॉम ब्लोमफिल्ड या तंबाखू उत्पादकाने १९६६ मध्ये शेतमजुरांना सर्पेंटाइन दगड कोरण्यास प्रोत्साहन दिले. त्या मजुरांत स्थानिक शोनांबरोबरच मलावी, मोझांबिक आणि अंगोला येथून पोटासाठी आलेले याओ, चेवा अशा जमातींचे अनेक जण होते, आणि त्यांनी आपापल्या गावचे मुखवटे, नाच आणि भुतेखते या दगडात उतरवली. ग्रेट झिम्बाब्वेच्या भग्न नगरातील दगडी पक्षी कित्येक शतके जुने आहेत हे खरे, तरी तेथपासून आजपर्यंत अखंड परंपरा चालत आली, हा विक्रेत्यांचा दावा मला पटत नाही.

म्बिरा मात्र खरोखरच जुने वाद्य आहे. लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या दोन्ही अंगठ्यांनी आणि एका तर्जनीने छेडतात आणि नाद घुमावा म्हणून वाद्य मोठ्या भोपळ्यात धरतात. भोपळ्यावर पूर्वी शिंपले लावत, आता बाटल्यांची बुचे लावतात; त्यांच्या गुणगुणण्याशिवाय वादकांना सूर ओका वाटतो, जसा जवारी नसलेला तंबोरा आपल्याला वाटेल. पूर्वजांना आवाहन करणाऱ्या ‘बिरा’ या रात्रभराच्या विधीत एक वादक मूळ चाल धरतो, दुसरा तिच्या फटींत आपले सूर गुंफतो, आणि थोड्याच वेळात कोणता सूर कोणाचा हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. २०२० मध्ये युनेस्कोने या वाद्यकलेला आपल्या यादीत स्थान दिले, तेही झिम्बाब्वे आणि मलावी या दोन्ही देशांच्या नावे.

पश्चिमेकडे झांबेझीकाठचे टोंगा लोक तर निराळेच. त्यांच्या वाद्यवृंदात हरणाच्या शिंगांची तुताऱ्यांसारखी वाद्ये असतात. प्रत्येकाच्या वाट्याला एकच सूर येतो, त्यामुळे धून पुरी व्हायला सगळे गाव लागते. करिबा धरणाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस नदीच्या दोन्ही तीरांवरील सुमारे ५७,००० टोंगांना उठवले. बिंगा भागातील त्यांच्या स्त्रिया चौकोनी बुडाच्या आणि गोल तोंडाच्या सुबक टोपल्या विणतात. हरारेच्या बाजारात त्याही पुष्कळदा नुसत्या ‘झिम्बाब्वेच्या’ म्हणून खपतात. २०१३ च्या राज्यघटनेने टोंगासह १६ भाषांना अधिकृत मान्यता दिली आहे, पण सरकारी व्यवहारात अजून इंग्रजी, शोना आणि न्देबेले यांचाच वरचष्मा आहे.

तुझ्या व्याख्यानात शिल्पांची चित्रे दाखवशील तेव्हा शिल्पकाराचे नाव आणि जन्मगाव अवश्य सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल