गाठी मोजायला शिकवणाऱ्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच दिले नाहीत. "हाव, ठीक हाय, कापसाचा भाव काय चालू हाय थे सांग," एवढं बोलून विषय संपवला. म्हणून हे उघडं पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला चालणार नाही. आमच्या जिनिंगमध्ये (सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात) जानेवारीतले ते दोन दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना नाव लागणारही नाही.

आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, रुईचा ढीग गाठी दाबायच्या प्रेसला टेकलेला, आणि प्रेसला तेलाच्या दाबानं ढकलणाऱ्या सिलिंडरच्या बुडाशी तेलाचा ओलावा. पॅकिंग (तेल अडवणारी रबरी कडी) गेलं असेल म्हणून मी चालू प्रेसवरच बोटानं पुसत होतो. तुम्ही वजनकाट्यावर नंबर लागायची वाट पाहत होता. तिथून तरातरा आलात आणि माझं मनगट धरलं. "हात काढ पहिले. प्रेशरचं तेल सुईसारखं चामडीत घुसते, मंग बोट कापा लागते." मग वर पाहून म्हणालात, "अन् पॅकिंग तं वरतं हाय बापू. इथं तेल येऊन कुठून राहिलं?"

खरं सांगतो, तेव्हा रागच आला होता. कापूस विकायला आलेला माणूस ऐन हंगामात प्रेस बंद करायला सांगतो! उभी नोकरी तुम्ही दाबाची भांडी (बॉयलर, सिलिंडर अशी आत दाब झेलणारी) तपासण्यात काढली, हे आम्हाला कुठून माहीत असणार. शेटजींनी वेल्डरला फोनही लावला होता. एक टाका मारायचा आणि रात्रपाळीला प्रेस सुरू.

तो टाका तुम्ही मारू दिला नाही. हे पोलाद साधं नाही, म्हणालात. आधी नीट गरम न करता, ओलसर रॉडनं वेल्डिंग केलं तर टाक्याशेजारचा पट्टा कडक होतो, त्यात हायड्रोजन शिरतो, आणि आज भरलेली जागा परवा बाजूलाच तडकते. नऊ हंगामांपूर्वी जुना जाड सालीचा सिलिंडर काढून हा पातळ, जास्त ताकदीचा बसवला, तेव्हा आम्ही सगळे छाती फुगवून सांगत होतो की याला काही होत नाही. तुमचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय. ताकदीचं पोलाद वजन जास्त पेलतं, म्हणून त्याच्यावर ताणही जास्त टाकला जातो. पण त्यात चीर पडली की ती साध्या पोलादातल्यासारखीच पुढे सरकते, आणि फुटायला मात्र तिला फार मोठं व्हावं लागत नाही. साधं भांडं बहुतेक वेळा आधी गळून सावध करतं. हे गळायच्या आधीच फुटू शकलं असतं.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर उघडला. तुम्ही नागपूरहून मागवलेला, चीर दाखवणारा लाल रंग आतल्या कोपऱ्यात फवारला, थांबलात, पुसला, वरून पांढरी फवारणी केली. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली. बूड आणि भिंत जिथे मिळतात त्या काटकोनात, चार बोटं लांब. शेटजी खुर्चीवरून उठून उभे राहिले, एवढं आठवतं.

चहा पिता पिता तुम्ही १९५४ मधल्या कॉमेट विमानांची गोष्ट सांगितलीत. आकाशात फुटलेल्या विमानांचं कोडं सोडवायला इंग्रजांनी तसंच एक विमान पाण्याच्या हौदात ठेवलं आणि आत पुन्हा पुन्हा दाब भरून सोडला. शेवटी ते खिडकीसारख्या कापलेल्या भागाच्या कोपऱ्यातून फाटलं. पाणी का, तर पाणी दबत नाही, त्यामुळे फुटलं तरी स्फोट होत नाही. मग मला विचारलंत, "तुह्या प्रेसचं वय किती?" मी म्हटलं, नऊ वर्षं. "वर्षं नोको सांगू. गाठी सांग."

तासाला दहा, दिवसाला वीस तास, हंगामाचे १२० दिवस. नऊ हंगामांच्या २,१६,००० गाठी. १७० किलोची एक गाठ म्हणजे दाब शून्यावरून वर आणि परत शून्यावर. तेवढ्या वेळा त्या कोपऱ्यानं ताण खाल्ला होता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते. त्याआधीच्या हंगामात गाठीला पट्ट्या लावताना त्रास होत होता, म्हणून मी कोणाला न विचारता रिलीफ वाल (दाब ठरावीक हद्दीपुढे जाऊ न देणारा) आवळला होता. दाबाचा काटा दहा टक्के वर. तुम्ही वालवरचा ताजा पान्याचा ओरखडा पाहिला आणि माझ्याकडेही पाहिलंत. शेटजी शेजारीच होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. नंतर गाडीपाशी मला एकट्याला पॅरिसचा नियम समजावला (मी आधी गाव समजलो, ते अमेरिकेतल्या इंजिनिअरचं आडनाव निघालं): चिरीचा वेग ताणाच्या साधारण घनानं वाढतो. ताण दुप्पट, तर वेग आठपट. माझ्या दहा टक्क्यांनी दर गाठीमागे चीर एक तृतीयांश जास्त वेगानं सरकत होती. "चीर तू नाई पाडली," म्हणालात, "पण तिले पळवलं तूच."

गेल्या आठवड्यात शेटजींना मी हे स्वतः सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग वालला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच हाती दिली.

कापलेल्या सिलिंडरचा तो तुकडा माझ्या टेबलावर आहे. तुटलेल्या तोंडावर, उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरताना काठावर राहतात तशा वळणदार ओळी आहेत. काम थांबून पुन्हा सुरू झाल्याच्या त्या खुणा, असं तुम्हीच सांगितलं होतं. नवीन पोरांना कामावर घेतलं की आधी तो हातात देतो.

नव्या सिलिंडरच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई दिली आहे. गाठींचं रजिस्टर प्रेसशेजारी खिळ्याला टांगलंय, काल रात्रपाळी सुटताना आकडा ११,४६० होता. ठरवल्याप्रमाणे हंगाम संपला की उघडून लाल रंग मारायचा आहे. तुमचा दुसरा वेचा कधी निघतो ते कळवा. गाडी रांगेत उभी करू नका, सरळ आत घ्या.

तुमचा,
प्रेसवरचा फिटर