५३१ ची वाट पाहणाऱ्या नोन्नोंना

तीर्थस्वरूप नोन्नोंना,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आमच्याकडे आईवडिलांना पत्र लिहिताना ‘तीर्थरूप’ लिहायचं आणि त्यांच्या जागी असलेल्या परक्या माणसाला ‘तीर्थस्वरूप’. शाळेत हा फरक दोन मार्कांसाठी पाठ केला होता. पुढे कधी त्याची गरज पडली नाही, ती आता पडली. तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते चारचौघांत लिहीत नाही. तुमची नात तुम्हाला नोन्नो म्हणत होती, म्हणजे आजोबा. मीही तेच म्हणतो. पत्र मराठीत आहे. नात फोनमधून भाषांतर करून वाचून दाखवील. त्यात काही घोळ झाला तर तिला रागावू नका. खुणांवर आपलं याआधीही भागलेलं आहे.

मी तो गेल्या जूनमधला माणूस. रविवारची दुपार, गोइतो आणि गुइदित्सोलोच्या मधला सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना कमरेएवढा मका, आणि कडेला भाड्याची पांढरी गाडी घेऊन उभा असलेला एक घामाघूम भारतीय. इटलीत ब्रेशाला एक मशीन शिकायला कंपनीने तीन आठवडे पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी मांतोवाला जाऊन जुन्या काळच्या रेसिंग ड्रायव्हर नुवोलारीचं संग्रहालय बघितलं आणि परत निघालो. टायर कसा फाटला हे मी तुम्हाला त्या दिवशी नीट सांगितलं नव्हतं. गावात वळताना फुटपाथच्या दगडी कडेला चाक घासलं, मोठा आवाज झाला, आणि मी न उतरता तसाच पुढे आलो. चूक शंभर टक्के माझी.

डिकीतला गालिचा उचलला तर स्टेपनीच्या जागी फेसाची एक बाटली आणि टीचभर पंप. खिळा गेला असता तर त्या फेसाने काम झालं असतं. इथे टायरची बाजूच उसवली होती. मदतीच्या नंबरावरच्या बाईंनी साडेतीन तास सांगितले. नोन्नो, मी मुंबईच्या टॅक्सीवाल्याचा मुलगा. बाबा रोज सकाळी गाडी पुसायच्या आधी डिकी उघडून स्टेपनीवर एक बुक्की मारायचे. आवाजावरून हवा कळायची. असा बाप असलेला मी स्टेपनी आहे की नाही हे न बघता परदेशात गाडी घेऊन निघालो होतो.

आणि मग समोरून राखी रंगाची पद्मिनी आली.

तुमच्यासाठी ती फियाट ११०० डी. आमच्याकडे हीच गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं, मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि तुमच्या देशात ती बंद पडल्यावरही आमच्याकडे कितीतरी वर्षं बनत राहिली. म्हणून तुम्ही थांबलात तेव्हा मी मदत मागायची सोडून तुमच्या बॉनेटवर हात फिरवत बसलो. तुम्हाला वाटलं, ऊन लागलंय. नातीने पाण्याची बाटली पुढे केली ती त्यामुळेच ना?

मदतीचा तपशील मुद्दाम लिहितो, कारण ‘एका आजोबांनी टायर बदलून दिला’ एवढ्या वाक्यात तो मावत नाही. माझ्या गाडीत पाना नव्हता, तुमच्या डिकीत गोणपाटात गुंडाळलेले पाने होते. दोन लागले नाहीत, सतराचा लागला. जॅकखाली ठेवायला तुमच्याकडे फळी होती. चाक काढल्यावर गाडी ओंडक्यावर टेकवलीत आणि तो ओंडका हलत नाही ना, हे तीनदा पायाने ढकलून बघितलंत. फाटलेलं चाक घेऊन आपण गुइदित्सोलोला गेलो. तुमच्या ओळखीच्या टायरवाल्याने रविवारचं जेवण अर्धवट सोडून शटर वर केलं. त्या मापाचा जुना टायर शोधण्यात त्याचा पाऊण तास गेला. तो पाऊण तास आणि परतीची दहा मिनिटं, यांच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

वेळ जात नव्हता म्हणून मी तोंड उघडलं. मिल्ले मिलिया या तुमच्याकडच्या जुन्या मोटार शर्यतीबद्दल मला किती माहिती आहे हे दाखवायची हौस होती. दर वर्षी जुन्या गाड्यांची जी फेरी निघते ती त्याच आठवड्यात ब्रेशाच्या व्हियाले व्हेनेत्सियावर बघितली होती, त्यामुळे डोक्यात तेच घोळत होतं. मी सांगायला लागलो: १९२७ मध्ये ब्रेशाच्या चार मित्रांनी सुरू केलेली शर्यत, कारण ग्रां प्री ही मोठी शर्यत ब्रेशाहून मोंझाला गेली आणि गावाला ते झोंबलं. ब्रेशाहून रोम, रोमहून परत ब्रेशा, हजार मैल, तेही रोजच्या रस्त्यांवरून. मग माझा आवडता भाग, १ मे १९५५. स्टर्लिंग मॉस चालवतोय, शेजारी दाढीवाला पत्रकार डेनिस जेन्किन्सन, गाडी मर्सिडीज ३०० एसएलआर, नंबर ७२२.

मला मॉसपेक्षा जेन्किन्सनचं कौतुक जास्त, हे तुमच्या लक्षात आलं असेल, कारण मी नक्कल त्याचीच केली. सगळ्या रस्त्याची वळणं, चढ, फाटकं आधी फिरून टिपून घेतली. त्या टिपणांची पाच मीटरहून लांब कागदी पट्टी दोन रुळांवर गुंडाळून डब्यात बसवली. उघड्या गाडीत बोललेलं ऐकू येणार नाही, म्हणून हातखुणा ठरवल्या. पुढे उंचवटा आहे आणि पलीकडचं काही दिसत नाही. जेन्किन्सन खूण करतो, रस्ता सरळ आहे, आणि मॉस पायाखालचा दाब कमी न करता गाडी उंचवट्यावरून हवेत सोडतो. एका माणसाच्या हस्ताक्षरावर एवढा विश्वास! मी टायरच्या ढिगावर बसून रुळ फिरवत होतो, हातखुणा करत होतो, आणि टायरवाला काम थांबवून बघत होता. जेन्किन्सनचा चष्मा वाटेत उडून गेला, त्याने खिशातून दुसरा काढला, हेही मी अभिनयाने सांगितलं. तुम्ही हसलात. मग त्याला उत्तर म्हणून तुम्ही त्याच शर्यतीतला १९५४ चा ड्रायव्हर हान्स हेरमान करून दाखवलात: रेल्वेचं फाटक खाली येतंय, थांबायला वेळ नाही, तो शेजाऱ्याच्या हेल्मेटवर थाप मारतो आणि दोघं माना खाली घालून पोर्शसकट फाटकाखालून पार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही इतके खाली वाकलात की नात ओरडली.

मग तुम्ही मला ७२२ चा हिशेब घातलात.

गाडीवरचा नंबर म्हणजे ती सुटल्याची वेळ, हे मला वाचून माहीत होतं. ७२२ म्हणजे सकाळी सात बावीस. पण त्याचा रस्त्यावर उभ्या असलेल्या पोराला काय उपयोग, याचा मी कधी विचारच केला नव्हता. गाड्या एकेका मिनिटाने सुटायच्या, लहान गाड्या रात्री, मोठ्या सकाळी. तेव्हा समोरून पुढे गेलेली गाडी खरंच पुढे आहे असं नसायचं. ते ओळखायचं तर घड्याळात बघायचं, त्यातून नंबर वजा करायचा. तुम्ही मला मॉसचं उत्तर काढायला लावलंत. तो १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत पोहोचला. मग ब्रेशात घड्याळात किती वाजले असतील? मी इंजिनिअर, आणि खडूने फरशीवर मांडून बघितलं. साडेपाचला बारा सेकंद कमी. तुम्ही हे आठव्या वर्षी मामाच्या मनगटावरच्या घड्याळावरून तोंडी करत होतात. सरासरी ताशी १५७ किलोमीटरने येणारी गाडी समोर किती वेळ दिसणार? नंबर एका नजरेत वाचायचा, मामाने वेळ ओरडायची, तुम्ही वजाबाकी ओरडायची, आणि तोवर पुढची गाडी. (आमच्या मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर आजही मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे, म्हणून सांगितलं.)

मी परत ७२२ म्हणालो. तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझी ७२२, माझी ५३१. मला नंबर ओळखता आला नाही. नातीने भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तुम्ही तिला हाताने थांबवलंत.

परतताना रस्त्याकडेच्या एका स्मारकापाशी तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. मी सकाळी मांतोवाला जाताना याच रस्त्याने गेलो होतो, आणि पाटीकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. १२ मे १९५७, त्या वर्षीची मिल्ले मिलिया. ड्रायव्हर अल्फोन्सो दे पोर्तागो, वय २८, शेजारी त्याचा मित्र एडमंड नेल्सन, फेरारी ३३५ एस, नंबर ५३१. ब्रेशा जेमतेम चाळीस किलोमीटरवर होतं. टायर फुटला. ते दोघं गेले आणि रस्त्याच्या कडेला बघायला उभी असलेली नऊ माणसं गेली. त्यांत पाच मुलं. पुस्तकांत मी हे वाचलेलं होतं. दे पोर्तागोबद्दल तर फारच वाचलं होतं. देखणा, सरदार घराण्यातला, त्याच्यावर पानंच्या पानं असतात. मुलांवर एक ओळ असते.

तुम्ही काचेतून बाहेर बघत एवढंच सांगितलंत, की तुम्ही पुढे गुइदित्सोलोत उभे होतात, दहा वर्षांचे. पाच एकतीस वजा करायची वेळ मामाने ओरडलीच नाही. गाड्या येत होत्या, ती येत नव्हती. मामा म्हणाला, बिघडली असेल. मग मांतोवाकडून सायकलवर कोणीतरी आलं आणि मामाने तुमचा हात धरून घरी नेलं. ते घड्याळ त्याने पुढे कधी मनगटावर घातलं नाही. बस. तुम्ही गियर टाकलात. तो स्टिअरिंगजवळचा गियर टाकण्याची तऱ्हा अगदी बाबांसारखी, तळहाताने.

मी ब्रेशाला परतल्यावर त्या रात्री बराच वेळ जागा होतो. शर्यत त्या अपघातानंतर सरकारने बंद केली, १९२७ पासूनच्या चोवीस शर्यतींतली ती शेवटची. फेरारी कंपनीच्या एन्झो फेरारींवर खटला चालला, १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. जिंकलेल्या पिएरो तारुफीने ती एकदाची जिंकली आणि शर्यतीच सोडल्या. हे सगळं मला पाठ होतं आणि यातलं काहीच मला लागत नव्हतं. १९३८ मध्ये याच शर्यतीत बोलोन्यात प्रेक्षकांत गाडी घुसून दहा माणसं मेली होती, त्यांतही मुलं होती. तेव्हा बंदी आली आणि उठली. म्हणजे काय होऊ शकतं हे माहीत असूनही एकोणीस वर्षांनी पोरं तशीच कडेला उभी होती. मला जेन्किन्सनची पट्टी अजून आवडते, खोटं कशाला सांगू. पण तिच्यावर वळणं होती, फाटकं होती, उंचवटे होते. वजाबाकी करणारा पोरगा त्या कागदावर कुठे येणार? आता ७२२ चा फोटो बघितला की माझी नजर गाडीवरून सरकून कडेच्या माणसांवर जाते. ही सवय तुम्ही लावलीत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. टायरवाल्यालाही फक्त टायरचे घेऊ दिलेत. कॉफीचे मी देतो म्हटलं, तर तेही आधीच देऊन टाकलेले. निघताना मी फोनवर बाबांचा फोटो दाखवला, टॅक्सीला टेकून उभे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, हे सांगितल्यावर तुम्ही आधी विश्वास ठेवला नाहीत आणि मग नातीला दोनदा विचारलंत, दोन हजार तेवीस? नक्की? मग आपल्या गाडीच्या टपावर थाप मारलीत. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, त्यांना विचार, बॉनेटखालचा आवाज तसाच येतो का. विचारायचं राहून गेलं, आता विचारतो.

बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे, आणि मला शिव्या.

अजून एक. तुमच्या डाव्या दाराची काच खाली करायला तुम्ही पकड वापरत होतात, हँडल तुटलेलं. नातीला म्हणालात, मिळत नाही. बाबा आणि मी दोन शुक्रवार चोरबाजारात हिंडलो. पद्मिनीची चार हँडलं मिळाली. तीन घासलेली, एक बरं. ते सोबतच्या खोक्यात आहे. बाबा म्हणतात, बसणार, दाते तेच. नाही बसलं तर नातीकडून मोजमाप कळवा, आम्ही पुन्हा जाऊ. बसवायची पिन नखाएवढी आहे, ती वेगळ्या कागदात गुंडाळून हँडलच्या मुठीला दोऱ्याने बांधली आहे. खोकं टेबलावर उघडा, गाडीत उघडू नका. सीटच्या फटीत गेली की सापडत नाही.

आपला,
त्या रविवारचा पांढऱ्या गाडीवाला