ल्योंला येण्याआधी जेवणाबद्दल

प्रिय आई-बाबा,

सा. न. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की संध्याकाळी सहाला जेवायला मिळेल का. न्यू जर्सीत मिळतं, इथे फ्रान्समध्ये नाही. दुपारचं जेवण साधारण १२ ते २ मिळतं, मग स्वयंपाकघर बंद. रात्रीचं ७-७.३० ला सुरू होतं. सव्वादोनला गेलात तर टेबलं रिकामी असूनही परत पाठवतील. मधल्या वेळी दारावर 'सेर्व्हिस कोंतिन्यू' (स्वयंपाकघर मध्ये बंद होत नाही) लिहिलेली ब्रासरी, म्हणजे साधं रेस्टॉरंट, शोधायची. तुमच्या डायबेटिसच्या गोळ्यांचं वेळापत्रक या हिशेबाने डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटंही जातात, त्यामुळे खिशात बिस्किटं हवीतच.

शब्दांनीही गोंधळ होतो. अमेरिकेत 'ऑन्ट्रे' म्हणजे मुख्य पदार्थ. इथे तोच शब्द ('ऑंत्रे') सुरुवातीच्या छोट्या ताटलीला (मला तरी इथलाच अर्थ पटतो, शब्द 'प्रवेशा'चा आहे!), आणि मुख्य पदार्थ तो 'प्ला'. 'मेन्यू' म्हणजे ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण. पदार्थांची यादी हवी तर 'कार्त' मागायचं. दुपारी 'फॉर्म्युल' घ्या, म्हणजे ऑंत्रे आणि प्ला, किंवा प्ला आणि गोड. तेवढं पुरतं. पाणी मागताना 'युन काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं पाणी मागितलं तर बाटली येण्याची शक्यता, आणि तिचे पैसे लागतात. कॉफी गोडानंतर येते, गोडाबरोबर नाही. 'अं काफे' म्हटलं की एवढीशी काळी एस्प्रेसो मिळते. टीपचं २० टक्क्यांचं गणित विसरा, सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही. ते दुर्लक्ष नव्हे, गिऱ्हाइकाला उठवणं इथे असभ्य समजतात.

आई, तुझ्यासाठी जरा सविस्तर. नुसतं 'व्हेजेटेरियन' म्हटलं तर मासे चालतील असं काही जण धरून चालतात, म्हणून 'सां व्ह्यांद, सां प्वासों' म्हणायचं: मांस नको, मासे नकोत. भाज्यांचं सूप बरेचदा कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवलेलं असतं, तेही विचारायचं. ल्योंच्या प्रसिद्ध सॅलडमध्ये लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, आणि वर अर्धवट शिजलेलं अंडं असतं. केनेल दिसायला मुटक्यासारखं, पण इथलं नेहमीचं केनेल पाइक माशाचं. उलट 'सेर्व्हेल द कानू' या नावाचा अर्थ 'रेशीम विणकराचा मेंदू', आणि पदार्थ मात्र ताज्या चीजमध्ये लसूण, छोटे कांदे आणि हिरवी पात घातलेला. आपल्या दह्यातल्या कोशिंबिरीचा चुलतभाऊच! चीजचं मात्र तूच ठरव. कोंते नावाचं चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने) बनतं. दुकानातल्या इतर पाकिटांवर 'प्रेझ्युर' दिसलं तर तेच समज.

घरच्या स्वयंपाकघरात दोन-तीन गोष्टी चमत्कारिक वाटतील. दुकानात अंडी फ्रिजबाहेरच असतात. अमेरिकेत ती धुतात, धुताना वरचा संरक्षक थर जातो, म्हणून थंड ठेवावी लागतात. इथे धुतच नाहीत. ओव्हन सेल्सियसमध्ये आहे, तुझा फॅरनहाइटमधला ३५० म्हणजे इथला १८०. 'बागेत' हा लांब पाव घेताना 'त्रादिस्यों' मागायचा. १९९३ च्या नियमाप्रमाणे त्याला कसलंही रसायन चालत नाही, त्यामुळे सकाळी आणलेला रात्री दगड होतो. तिघांना एका वेळी एक पुरे. एकटी असते तेव्हा मी 'युन दमी' म्हणून अर्धाच आणते. भाजीसाठी क्रुआ-रूस भागातला बाजार, सोमवार सोडून रोज सकाळी. भाजीला हात लावायचा नाही, विक्रेता निवडून देतो. आधी 'बॉंजूर' म्हणायचं, मग मागायचं, नाहीतर त्याच्या कपाळाला आठी पडते.

शेवटचं, सामानाचं. मसाले चालतात, तूप आणि पेढे आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले काढून घेतील. इथलं बिनमिठाचं लोणी ('दू' लिहिलेलं) ८२ टक्के स्निग्धांशाचं असतं. २५० ग्रॅमचा पुडा मंद आचेवर कढवला की साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. फ्रिजमध्ये चार पुडे आणून ठेवले आहेत.

तुमची,
लेक