जुन्या चॅसिसमध्ये नवे नोड : निविदेत काय लिहायचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेरीच्या खरेदीत आपल्या खान्देशातल्या पतसंस्था, महाविद्यालये आणि दवाखाने सर्व्हरवर बराच खर्च करतात. सगळा सर्व्हर नवा घेणे परवडत नाही, म्हणून जुन्या चॅसिसमधले (अनेक सर्व्हर बसणाऱ्या सामाईक पेटीतले) एक-दोन नोड, म्हणजे त्यातले सुटे सर्व्हर, काढून तिथे पुढच्या पिढीचे नोड बसवून घेतले जातात. निविदेत त्याबद्दल एकच ओळ असते : ‘विद्यमान चॅसिसला सुसंगत नोड, नग २.’ भुसावळ ते धुळे या पट्ट्यात मी सर्व्हरच्या देखभालीचे काम करते. या एका ओळीपायी संस्था कशा अडचणीत येतात ते समोर दिसते आहे, म्हणून हे पत्र.

दोन यू, म्हणजे साडेतीन इंच उंचीच्या एका पेटीत चार सर्व्हर बसतात. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी प्रत्येकाची आपापली. पॉवर सप्लाय आणि पंखे मात्र चौघांत सामाईक. नवा नोड मागच्या बाजूने सरकवला की खटकन बसतो, हिरवा दिवा लागतो, आणि विक्रेता चलनावर सही घेऊन निघून जातो.

एका संस्थेत असेच झाले. चॅसिसमध्ये १,२०० वॅटचे दोन पॉवर सप्लाय होते. एक गेला तर दुसऱ्याने सगळा भार उचलायचा, ही मूळ रचना. जुन्या नोडमध्ये झिऑन ई५-२६५० व्ही२ प्रोसेसरची (व्ही२, व्ही३, व्ही४ या त्याच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या) जोडी होती, प्रत्येकी ९५ वॅटची. नव्या दोन नोडमध्ये ई५-२६९७ व्ही४ आले, प्रत्येकी १४५ वॅटचे. म्हणजे एका नोडमागे शंभर वॅट वाढले आणि दोहोंचे मिळून दोनशे. आधी चारही नोडचा पूर्ण भार एका पॉवर सप्लायच्या आवाक्यात होता, आता तो १,३०० च्या पुढे गेला. एरवी दोघांत वाटणी होत असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही. ऐन उन्हाळ्यात, दुपारच्या गर्दीच्या वेळी एक पॉवर सप्लाय बंद पडला, त्याच्यामागोमाग दुसराही जास्त भाराने बसला आणि चारही नोड एकदम अंधारात. काउंटरवर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसांना काय सांगायचे? तीन एचपीच्या स्टार्टरवर साडेसातची मोटर जोडता येते. पुढे काय होते ते आपल्याकडचा कोणताही केळी बागायतदार सांगेल. आणि नवे नोड घेतले होते ते जुन्यांचा बॅकअप म्हणून! ज्या पेटीची वीज एक, तिच्यातच मूळ आणि बॅकअप दोन्ही ठेवणे हे कोणत्याही पिढीच्या नोडबाबत चूकच आहे.

पंख्यांचेही तसेच. त्यांचा वेग काही चॅसिसमध्ये सामाईक कंट्रोलर ठरवतो, काहींत नोडवरचा बीएमसी (नोडवर देखरेख ठेवणारी चिप). जुन्या कंट्रोलरच्या फर्मवेअरला (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरला) नवा बोर्ड ओळखता आला नाही की पंखे बहुधा कायम पूर्ण वेगाने फिरतात आणि वीजबिल वाढते. बहुतेक सर्व्हरना आत येणारी हवा ३५ अंशांपर्यंतच चालते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. एसी बंद पडला तर बंद खोलीत ३५ अंश गाठायला फार वेळ लागत नाही. पुण्या-मुंबईच्या गार डेटा सेंटरमध्ये जे निभावते ते इथे निभावेलच असे धरून चालू नये.

मेमरीची अडचण खरेदीच्या वेळी कोणी बोलतच नाही. व्ही२ ला डीडीआर३ लागते, व्ही४ ला डीडीआर४. दोन्ही पट्ट्या हातात धरून बघा, खाच वेगवेगळ्या जागी आहे; एका प्रकारची पट्टी दुसऱ्या प्रकारच्या जागेत बसत नाही. म्हणजे सुटे भाग दोन्ही प्रकारचे ठेवायचे. सॉफ्टवेअरमध्ये तर याहून मोठी मेख आहे. एव्हीएक्स२ हा प्रोसेसरच्या आज्ञांचा संच व्ही३ पासून आला, व्ही२ मध्ये तो नाही. नव्या नोडवर पूर्ण क्षमतेने सुरू केलेले व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी सर्व्हर) चालू स्थितीत जुन्यावर हलवता येत नाही. अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी व्हीएमवेअरमध्ये ईव्हीसी (नव्या प्रोसेसरच्या जादा आज्ञा झाकणारी सोय) लावून किंवा प्रॉक्समॉक्समध्ये दोघांना चालेल असा सीपीयू प्रकार निवडून ते जमते, पण मग नव्या नोडच्या ज्या क्षमतेसाठी पैसे मोजले तीच झाकावी लागते. शिवाय २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० या ऑपरेटिंग सिस्टीमला एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा, म्हणजे एव्हीएक्स२ असलेला, प्रोसेसर लागतो, तेव्हा पुढच्या अपग्रेडला जुने नोड मागेच राहणार.

दोन पिढ्या एकत्र नांदूच शकत नाहीत असे माझे म्हणणे नाही. एचपी कंपनीचे सी७००० हे ब्लेड एन्क्लोजर (ब्लेड, म्हणजे पातळ सर्व्हर, बसवायची पेटी) २००६ मध्ये आले. त्यात अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड बसतात, आणि बीएल४६०सी च्या जी१ पासून जेन१० पर्यंतच्या पिढ्या त्याच पेटीसाठी निघाल्या. तिथे उत्पादकाने कोणत्या ब्लेडला ऑनबोर्ड अॅडमिनिस्ट्रेटरचे (त्या पेटीच्या कंट्रोलरचे) कोणते फर्मवेअर लागते ते लिहून दिलेले असते. गरीब संस्थेचे पैसे वाचवणारी अशी सोय मला मनापासून आवडते. प्रश्न आहे तो उत्पादकाचा कागद न बघता ‘बसतंय ना, झालं तर’ म्हणण्याचा.

म्हणून संचालक मंडळांना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे की ‘सुसंगत’ हा शब्द निविदेतून काढा. त्याऐवजी चॅसिसचे आणि नोडचे मॉडेल क्रमांक, बीएमसी व चॅसिस कंट्रोलरच्या फर्मवेअरच्या आवृत्त्या, आणि हे मिश्रण चालते असे उत्पादकाचे लेखी पत्र मागा. चारही नोड पूर्ण भारावर असताना एकूण वॅट किती, आणि एकाच पॉवर सप्लायवर ते भागते का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. बिल देण्याआधी चारही नोडवर पूर्ण भार टाकून एक पॉवर सप्लाय सर्वांसमक्ष काढायला लावा आणि तासभर तसेच चालू ठेवा. माल एप्रिलमध्ये आला तर ही चाचणी दुपारी दोन वाजता घ्या. विक्रेता त्याला तयार नसेल तर बिल अडवून ठेवा.

आपली,
एक वाचक, भुसावळ
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)